स्लॉट खेळांतील परतावा आणि चढउतार

ऑनलाइन स्लॉट खेळाच्या माहितीत 96 टक्के परतावा असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा एखाद्या खेळाडूच्या एका बैठकीचा नसून, लाखो फेऱ्यांत लावलेल्या एकूण रकमेपैकी बक्षिसांच्या रूपाने परत जाणाऱ्या सरासरी हिश्श्याचा असतो.

ब्रिटनमध्ये 2021 पासून एका फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत, असा नियम आहे. तरीही तासाभरात 1440 फेऱ्या बसतात आणि फेरीला एक पौंड लावल्यास 96 टक्के परताव्यातही सरासरी तोटा 57 पौंडांच्या पुढे जातो.

परतावा सारखाच असलेल्या दोन खेळांत चढउतार, म्हणजे बक्षिसे सरासरीभोवती किती विखुरलेली आहेत याचे माप, अगदी निराळा असू शकतो. तो जास्त असल्यास परताव्याचा मोठा वाटा क्वचित लागणाऱ्या घबाडात अडकतो आणि बहुतेकांच्या हाती सरासरीपेक्षा कमीच लागते.

निकाल यादृच्छिक संख्या काढणारी संगणकीय प्रणाली ठरवते. तिला मागील फेऱ्यांशी देणेघेणे नसल्याने ‘आता लागायलाच हवे’ हा हिशेब मुळातच फसवा ठरतो.

लावल्यापेक्षा कमी परत मिळाले तरी विजयाचे संगीत वाजवण्याची (खरोखर बेरकी) युक्तीही ब्रिटनने 2021 च्या त्याच नियमांत बंद केली.