कचेरीची पायरी

तालुक्याच्या कचेरीत आपण जातो ते दाखल्यासाठी, नाहीतर उताऱ्यासाठी. रांगेत तासभर उभ्या राहतो, पण इमारतीकडे बघत नाही. आज तिच्याकडेच बघू या.

इंग्रजांच्या काळातली मामलेदार कचेरी बऱ्याच ठिकाणी एकाच बेताची असे. जोतं उंच, भिंती जाड, वर कौलं, पुढे लांब ओसरी. उंच जोत्यामुळे ओल कागदांपर्यंत पोचत नसे. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राही. शेतसाऱ्याची रोकड इथंच जमा होई, म्हणून खजिन्याच्या खोलीला लोखंडी गज आणि दारात पहारा. कैद्यांची कोठडीही जवळच. दप्तरखान्यात जमिनीचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले. पैसा, पहारा आणि जमीन, तिन्ही एका छपराखाली. गावच्या माणसाला सरकार दिसायचं ते इथंच.

म्हणून १९४२ साली आपल्याकडचे मोर्चे कचेऱ्यांवरच गेले. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तासगाव, इस्लामपूर साताऱ्यातच होतं. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पंड्या आणि बारपटे गेले. ज्या पायरीवर आपण आज बिनधास्त चढतो, ती अशी मोकळी झाली.

आणखी एक ९ सप्टेंबर ध्यानात ठेवा, २००५ सालचा. त्या दिवसापासून हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. पण कायद्यात हक्क असला तरी उताऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा लागतो. मग फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नाव लागतं. जुना फेरफार पाहायचा असेल, तर दप्तरखान्यात अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते. आणि हक्कसोडपत्र कुणी पुढं केलं, तर वाचल्याशिवाय, कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय, अंगठा नको की सही नको.

पुढच्या खेपेला कचेरीत जाल, तेव्हा घरच्या जमिनीचा सातबारा मागा. त्यावर आपलं नाव आहे का, तेवढं बघा. नसेल, तर गटाच्या बैठकीत तोच विषय पहिला घ्या.