बेनेली टीआरके ५०२ आणि तिच्या पेट्या

बेनेलीची टीआरके ५०२ ही लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेली मोटरसायकल आहे. तिचे नाव इटालियन आणि कारखाना चिनी. पेझारो गावात विधवा तेरेसा बेनेली यांनी सहा मुलांना उद्योगाला लावण्यासाठी १९११ मध्ये दुरुस्तीचे गॅरेज काढले आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. २००५ मध्ये ती चीनच्या झेजियांग प्रांतातील वेनलिंगच्या च्यानच्यांग समूहाने विकत घेतली. २०१६ पासून या समूहात जीली कंपनीचाही मोठा वाटा आहे. व्होल्वो मोटारींची मालकी याच जीलीकडे आहे. टीआरकेचे रेखाटन पेझारोत होते आणि उत्पादन वेनलिंगला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी खुद्द इटलीत सर्वाधिक खपलेली मोटरसायकल हीच होती. चिनी माल म्हणजे हलका माल, हा समज मोटरसायकलींच्या बाबतीत जुना झाला आहे. बीएमडब्ल्यूच्या एफ ८५० जीएसचे इंजिनसुद्धा चोंगचिंगची लोन्सिन कंपनी बनवत होती.

महाराष्ट्रात बेनेली आली ती पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्समार्फत, २०१५ मध्ये. सुट्या भागांच्या पेट्या चीनहून येत आणि गाड्यांची जोडणी सातारा जिल्ह्यात वाईला होई. २०१८ मध्ये डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला आणि विक्री, सेवा, सुटे भाग अशी सगळी साखळी विस्कळीत झाली. गाड्या धडधाकट होत्या, पण फिल्टर आणि ब्रेक पॅडसाठी मालकांना वणवण करावी लागली. त्याच वर्षी बेनेलीने हैदराबादच्या महावीर समूहातील आदिश्वर ऑटो राइड इंडियाशी करार केला आणि जोडणी तेलंगणात पोचमपल्लीला गेली. टीआरके ५०२ भारतात आली ती या दुसऱ्या पर्वात, फेब्रुवारी २०१९ मध्ये. तेव्हा तिची शोरूम किंमत ५ लाख रुपये आणि ५०२एक्सची ५ लाख ४० हजार होती. इतर चिनी गाड्यांपैकी सीएफमोटोची ६५०एमटी त्याच वर्षी बंगळूरच्या जोडणीतून बाजारात आली, तर झोंटेस ३५०टी २०२२ मध्ये आदिश्वरमार्फतच. एप्रिल २०२० पासून सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली. त्यामुळे चिनी कंपन्यांना इथे स्वतःचा कारखाना काढणे अवघड झाले आणि भारतीय भागीदाराचे महत्त्व आणखी वाढले.

म्हणून नाशिकच्या ग्राहकाने इंजिनाची अश्वशक्ती बघण्याआधी भागीदाराची तब्येत बघावी. अधिकृत सेवा नाशकातच मिळते का, की प्रत्येक सर्व्हिसिंगला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते? मुंबई १७० किलोमीटरच्या आसपास आहे, पुणे २१०. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, क्लच केबल, ब्रेक पॅड आणि चेन-स्प्रॉकेट यांची किंमत आणि मिळण्याचा कालावधी विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. हे पाचही भाग गाडीबरोबरच एकेक जोड विकत घेऊन घरी ठेवणे हा खर्च वाटत असला, तरी परक्या गावात अडकून पडण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. डीएसके काळातील जुनी बेनेली घेणाऱ्याने तर सर्व्हिसिंगची पुस्तिका, कर्जाची नोंद उतरली आहे की नाही आणि २०१८ नंतर भाग कुठून बसवले, याची चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

किमतीचे गणित करांमुळे बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. टीआरके ५०२ वरच्या गटात जाते, तर ३४८ सीसीची झोंटेस खालच्या गटात राहते. शिवाय महाराष्ट्रात २९९ सीसीवरच्या दुचाकीला एकरकमी रस्ताकर १२ टक्के आहे. म्हणजे ५ लाखांच्या गाडीला नाशिकची एमएच-१५ ची पाटी लागेपर्यंत विम्याआधीच ६० हजार रुपये वाढतात. पेट्या, त्या धरणारे स्टे आणि क्रॅश गार्ड यांचा खर्च याच्या वर. अंदाजपत्रक करताना लोक हा शेवटचा आकडा विसरतात आणि मग पैसे वाचवतात ते नेमके पेट्यांवर.

गाडीचा स्वभाव समजल्याशिवाय तिच्यावर सामान लादता येत नाही. टीआरकेचे इंजिन ५०० सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आहे. ते ४७.५ अश्वशक्ती आणि ४६ न्यूटन-मीटर टॉर्क देते. टाकी २० लिटरची आहे, त्यामुळे धुळ्याला जाऊन परत आले तरी पेट्रोल उरते. सांगाडा पोलादी नळ्यांच्या जाळीचा, पुढचा फोर्क ५० मिलिमीटर जाडीचा, पुढे ३२० मिलिमीटरच्या दोन डिस्क. साध्या ५०२ ला दोन्ही चाके १७ इंची अलॉयची, तर ५०२एक्सला पुढे १९ इंची आणि तारांची. सगळे मिळून वजन २३५ किलो. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० पेट्रोलसह १९६ किलोंची आहे, म्हणजे टीआरके तिच्यापेक्षा ३९ किलो जड. महामार्गावर हे वजन गाडीला स्थिर ठेवते, समोरून ट्रक गेला तरी ती हलत नाही. पण ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी किंवा घाटघरच्या वाटेवर लाल चिखलात वळवताना तेच वजन चालवणाऱ्याच्या मांडीवर येते. उंची बेताची असेल, तर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का हे शोरूममध्ये गाडीवर बसून पाहावे, आणि पेट्या भरल्यावर ती आणखी किती जड लागेल याचाही विचार करावा.

नाशिकच्या प्रवाशाला दुसरी एक अडचण आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला आणि इगतपुरीमार्गे थेट नागपूरला जातो, पण मोटरसायकलवाल्याला नागपूर गाठायचे तर धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा जुना रस्ताच धरावा लागतो. त्यात गावागावांचे गतिरोधक, उड्डाणपुलांची कामे, उसाच्या बैलगाड्या आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे. मुंबईकडे जाताना कसारा घाट, गुजरातेत उतरताना सापुताऱ्याची वळणे. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि नाशिक शहरात त्याचा चौथा हिस्सा. एकाच दिवसाच्या सहलीत पेटीला कोरडी धूळ आणि आडवा पाऊस दोन्ही सोसावे लागतात. टिकाऊ पेटी म्हणजे काय, ते या रस्त्यांवरच ठरते.

पेट्यांसह टूरिंग गाडी विकण्याचा रिवाज चिनी कंपन्यांनी बराच पुढे नेला. चोंगचिंगच्या झोंगशेन कंपनीची आरएक्स३ ही २५० सीसीची गाडी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सीएससी कंपनीने अमेरिकेत आणली, ती दोन बाजूच्या पेट्या आणि टॉप बॉक्स किमतीत धरूनच. इथे मात्र पेट्या बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात.

पर्याय तीन: अॅल्युमिनियमच्या पेट्या, प्लॅस्टिकच्या पेट्या आणि कापडी सॅडल बॅगा. अॅल्युमिनियमची चांगली पेटी साधारण दीड मिलिमीटर पत्र्याची असते. त्यासाठी ५०५२ सारखा मिश्रधातू लागतो. मऊ पत्रा पहिल्याच पडझडीत दबतो आणि झाकण बसेनासे होते. चांगल्या पत्र्याची पेटी दबली तरी लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन कोणत्याही गावच्या गॅरेजात सरळ करता येते. प्लॅस्टिकची पेटी तडकली की तिचा प्रवास तिथेच संपतो, पण ती हलकी आणि स्वस्त असते, शिवाय गाडीखाली आलेल्या पायाला तिच्या कोपऱ्याने जखम होण्याची भीती कमी. अॅल्युमिनियमचा एक दोष क्वचितच सांगितला जातो: आतला उघडा पत्रा कंपनाने घासून काळी भुकटी सोडतो आणि कपडे काळवंडतात. आतून पिशवी घातली तर प्रश्न मिटतो. पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनची वॉशर नसेल, तर कोकणच्या खाऱ्या हवेत सांध्याशी पांढरा बुरशीसारखा गंज धरतो.

कापडी बॅगांत १००० डेनियरचे नायलॉन टिकते. खरा फरक शिवणीत असतो. शिवलेल्या बॅगेच्या प्रत्येक टाक्यातून इगतपुरीचे पाणी आत येते, म्हणून तिला वरून रेनकव्हर लागते आणि ते वाऱ्याने फडफडून फाटते. उष्णतेने जोडलेल्या टीपीयू कापडाची गुंडाळून बंद होणारी बॅग मुळातच पाणी अडवते. बंगळूरची व्हायाटेरा आणि मुंबईची रायनॉक्स या भारतीय कंपन्यांनी या प्रकारात चांगले नाव कमावले आहे. चिखलाच्या वाटेवर जाणाऱ्याने कापडी बॅगच घ्यावी. कठीण पेटी पायाच्या मागे असते आणि गाडी घसरताना टेकवलेला पाय तिच्याखाली अडकू शकतो. धर्मशाळेत, हॉटेलात गाडी बाहेर उभी करून झोपायचे असेल, तर मात्र कुलूप लागणारी पेटी मनाला स्वस्थता देते. ५०२एक्स घेणाऱ्याने सायलेन्सरही पाहावा. तो उजव्या बाजूला वर चढवलेला आहे, त्यामुळे उजवी पेटी एक तर लहान किंवा बाहेर सरकलेली असते, आणि कापडी बॅग लावली तर मधे उष्णतारोधक पत्रा हवाच.

सगळा भार अखेर स्टेवर येतो. पेटी फुटण्याआधी बहुतेक वेळा स्टेचे वेल्डिंग सुटते. दोनच ठिकाणी बोल्टने धरलेला स्टे खड्ड्यागणिक लवतो आणि काही हजार किलोमीटरांत जोडाजवळ केसाएवढी चीर पडते. तीन ठिकाणी धरलेला, आणि नंबरप्लेटच्या मागून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी आडवी पट्टी असलेला स्टे घ्यावा. नाशिकला याबाबत एक सोय आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज यांच्यामुळे वीज-पॅनेलच्या कपाटांचा धंदा रुजला. लेझरने पत्रा कापणे, वाकवणे, आर्गॉन वेल्डिंग, पावडर कोटिंग, झाकणाला रबरी गॅस्केट बसवणे ही सगळी कामे तिथल्या छोट्या वर्कशॉपांच्या हातची आहेत. धूळ आणि पाणी आत न जाऊ देणारे पॅनेल आणि मोटरसायकलची पेटी यांत तत्त्वाचा फरक नाही. तुटलेला स्टे मजबूत करून घ्यायला किंवा आडवी पट्टी बनवून घ्यायला शहराबाहेर जावे लागत नाही. संपूर्ण पेटी बनवून घ्यायची असेल, तर आतले वर्तमानपत्र कोरडे राहते का हे दहा मिनिटे पाइपचे पाणी सोडून कारागिरासमोरच तपासावे.

सामान किती, याचे उत्तर पेटीच्या लिटरांत नसून गाडीच्या माहितीपुस्तिकेत असते. समजा पुस्तिकेत भारमर्यादा १८० किलो दिली आहे. चालवणारा ७५ किलो, मागे बसणारी व्यक्ती ६०, दोघांची हेल्मेटे, जाकिटे आणि बूट १२. झाले १४७. ३७ ते ४० लिटरची रिकामी अॅल्युमिनियम पेटी ४ ते ५ किलोंची. तीन पेट्या आणि स्टे मिळून २० किलो सहज होतात. उरले १३ किलो. शंभर लिटरहून जास्त जागा आणि तिच्यात ठेवायला १३ किलो, हे गणित मांडल्यावरच जोडीने प्रवास करणारे बहुतेक जण तिसरी पेटी काढून टाकतात, आणि ते योग्यच आहे. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे लटकतो. त्यातले वजन तरफेसारखे पुढचे चाक हलके करते आणि वेगात हँडल डुलू लागते. म्हणून त्यावर १० किलोच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, कॅरियरची मर्यादा त्याहून कमीही असू शकते, आणि अनेक पेट्यांवर ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादाही लिहिलेली असते. पाणी, हत्यारे, सुटे भाग बाजूच्या पेट्यांत तळाशी आणि पुढच्या बाजूला. रेनकोट आणि कपडे वर. दोन्ही बाजूंचे वजन घरच्या वजनकाट्यावर करून सारखे करावे. त्यानंतर मागच्या शॉकअपचा प्रीलोड वाढवावा आणि टायरमध्ये पुस्तिकेत दिलेली दोघांसाठीची हवा भरावी, नाहीतर हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

कायद्याचे भान ठेवावे लागते. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही. २०२० च्या सुधारणेनुसार मागे लावायची हलकी पेटी लांबीला ५५० मिलिमीटर, रुंदीला ५१० आणि उंचीला ५०० यांपेक्षा मोठी नसावी. ती मागच्या सीटच्या जागेवर बसवली, तर गाडीवर फक्त चालकाला परवानगी आहे. मोटर वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पायटेकणी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा साडीगार्ड लागतो. डावा स्टे लावताना मेकॅनिक हा गार्ड काढून टाकतात. तो परत बसवून घ्यावा. पेट्यांची पावती विमा कंपनीला देऊन त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवावी. नोंद नसेल, तर अपघातात गाडीची भरपाई मिळते, पेट्यांची मिळत नाही.

पेट्या बसवल्यावर पहिली फेरी जवळची ठेवावी, वणीमार्गे सापुतारा आणि परत, साधारण १६० किलोमीटर. निघताना प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या शेजारच्या नळीवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. घरी आल्यावर जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो बोल्ट सैल झालेला असतो. तिथे नायलॉक नट आणि थ्रेडलॉकर लावून तो पुन्हा आवळावा, आणि पाचशे किलोमीटरनंतर तपासणी परत करावी.