चीर देण्याआधीचं एक मिनिट

ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाभोवती उभी असलेली माणसं एकमेकांना ओळखतातच, असं नाही. सर्जन ठरलेला असतो. भूलतज्ज्ञ, नर्स, टेक्निशियन ड्यूटीप्रमाणे बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी २००८ मध्ये आणलेल्या १९ मुद्द्यांच्या यादीत म्हणूनच एक साधा मुद्दा आहे: चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं.

यादी तीनदा वाचतात. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. रुग्ण तोच ना, बाजू डावी की उजवी, ॲलर्जी कशाची. शेवटी गॉज आणि सुयांची मोजणी.

ही यादी तयार करण्याच्या कामाचं नेतृत्व अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांनी केलं (वडील मूळचे महाराष्ट्रातले). दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

गंमत पुढेच आहे. कॅनडातल्या ऑन्टारियोत १०१ रुग्णालयांनी यादी स्वीकारली, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसला नाही. कागदावर खुणा करणं सोपं असतं. “सर, थांबा, एक गॉज कमी भरतोय,” हे नव्या नर्सने ज्येष्ठ सर्जनला सांगणं तितकं सोपं नसतं.