पैनगंगेच्या काठची रझाकारी : ऐकलेलं आणि घडलेलं

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं भीमपूर मंडल 2016 मध्ये झालं. पलीकडे पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत मराठी बोलतात, सोयरिकी दोन्ही काठांवर जुळतात. 1947-48 मध्ये या भागासह निजामाच्या हैदराबाद संस्थानातून हजारो कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपार गेली. कुणी महिन्याभराने परतलं, कुणी कायमचं तिकडचं झालं. त्या घरांतली चौथी पिढी आता कॉलेजात आहे. पण त्या काळाबद्दल तिच्या कानावर जे येतं, त्यातलं बरंच अर्धवट आहे.

गैरसमज : सगळं पाच दिवसांत आटोपलं.

भारतीय फौजा 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. हा झाला लष्कराचा, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’चा हिशोब. गाव सोडून गेलेल्यांचा हिशोब त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. जून 1947 मध्ये निजामाने स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र दलाचा जोर वाढत गेला. 29 नोव्हेंबरला भारताशी ‘जैसे थे’ करार झाला, तरी लूट आणि जाळपोळ थांबली नाही. पुढे पोलीस ॲक्शननंतरही 1949 च्या अखेरीपर्यंत मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी अंमल होता. ज्या घराने या काळात दोन पेरण्या गमावल्या, त्याला पाच दिवसांची गोष्ट सांगून काय उपयोग?

गैरसमज : नदी एकाच समाजाने, एकाच दिशेने ओलांडली.

हे बोलायला जड जातं, म्हणूनच स्पष्ट लिहायला हवं. रझाकारांच्या भयाने संस्थानातले हिंदू बाहेर पडत होते, त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडातून आणि मुंबई इलाख्यातून घाबरलेले मुसलमान आसऱ्यासाठी निजामाच्या राज्यात येत होते. सप्टेंबर 1948 नंतर यातल्या अनेकांना परत धाडण्यात आलं. आणि पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये फिरून पाहणी केली. किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जाळलेलं घर खरं होतं आणि नंतर कापली गेलेली माणसंही खरी होती. एक सांगताना दुसरं लपवलं, तर मुलांच्या हाती फक्त वैर उरतं.

गैरसमज : निर्वासित म्हटलं की परदेशातून आलेला.

पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं होतं आणि 1902 मध्ये त्यांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतलं. नावापुरती मालकी मात्र निजामाचीच राहिली. त्याच्या थोरल्या मुलाला ‘वऱ्हाडचा युवराज’ ही पदवी होती. म्हणजे निजामाच्या राज्यातून जीव घेऊन निघालेली माणसं कागदोपत्री निजामाच्याच मुलखात आसऱ्याला गेली. फाळणीत पाकिस्तानातून आलेल्यांसाठी 1950 आणि 1954 मध्ये दाव्यांचे आणि भरपाईचे कायदे झाले. त्या व्याख्येत ही माणसं बसतच नव्हती.

गैरसमज : ज्यांनी सोसलं, त्यांना पेन्शन मिळालीच.

सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) कॅम्पात होते. 1985 पासून हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या अशा कॅम्पांतल्या कार्यकर्त्यांना केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन खुली झाली. ती लढ्यात भाग घेतल्याची होती. कडेवर पोर आणि डोक्यावर बोचकं घेऊन रात्री नदी उतरलेल्या बाईची नोंद तिच्यात कुठेच नव्हती.

गैरसमज : युद्धाचं दुःख रक्तातून उतरतं, त्याला इलाज नाही.

अलीकडे हे मोबाइलवर फार फिरतं. 2015 मध्ये संशोधक रेचल येहुदा यांनी नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांमध्ये ताणाशी संबंधित एका जनुकावर रासायनिक फरक दाखवला. पण त्या अभ्यासात वाचलेले 32 आणि त्यांची मुलं 22 एवढीच माणसं होती. शिवाय असा फरक म्हणजे जनुकांचा मजकूर बदलणं नव्हे. 2003 मध्ये 32 नमुन्यांमधल्या 4,418 जणांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारासाठी न आलेल्या सर्वसाधारण कुटुंबांत दुसऱ्या पिढीला आघात झाल्याचा पुरावा तिच्यात मिळाला नाही. आई-बाप सतत धास्तावलेले असतील, घरात त्या विषयावर कुणी अवाक्षर काढत नसेल, तर पोरांवर परिणाम होतो. तो घरातल्या वागण्यातून होतो आणि वागणं बदलता येतं.

माझ्या मते आपल्याकडे चौथ्या पिढीपर्यंत सर्वांत ठळकपणे पोचला तो कागद, म्हणजे जमिनीची नोंद. तेलंगणात 1954-55 ची खसरा पहाणी जमिनीची मूळ नोंद धरतात. पहाणीत पट्टेदाराचा, म्हणजे मालकाचा रकाना वेगळा आणि प्रत्यक्ष कब्जा असणाऱ्याचा वेगळा. मालक वऱ्हाडात अडकलेला आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, असं जिथे झालं तिथे या दोन रकान्यांत दोन नावं लागायला वाट मोकळी होती. त्यातच 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला जोडला गेला, राजुराही गेला. भीमपूरचा भाग इकडेच राहिला. चुलतभावांचं दप्तर दोन राज्यांत, दोन भाषांत विभागलं गेलं. जमीन नोंदींच्या 2020 च्या धरणी पोर्टलमध्ये कब्जाचा रकानाच राहिला नाही. धरणीच्या जागी 2025 मध्ये भूभारती कायदा आला, पण पणजोबाचं नाव नेमकं कुठल्या रकान्यात होतं हे वारसाला ठाऊकच नसेल, तर नवा कायदा तरी काय करणार?

1948 मध्ये दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीकडे झुकली आहेत. आजी घरात असेल तर या आठवड्यातच तिच्याजवळ बसा. कोणत्या गावाहून निघालात, कुणी आसरा दिला, परत आलात तेव्हा शेत कुणाकडे होतं, हे विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग तहसील कार्यालयात जाऊन 1954-55 च्या खसरा पहाणीची नक्कल मागा आणि दोन्ही रकाने वाचा.