खुरप्यामागची भाजी : रानभाज्यांविषयीचे काही गैरसमज

रानभाज्यांचा विषय निघाला की बोलणे सह्याद्रीकडे वळते. अकोले, जव्हार, भीमाशंकर, पावसात भिजलेले डोंगर, पाटी घेऊन बसलेल्या आदिवासी बाया. लातूर जिल्ह्याचे नाव सहसा कुणी घेत नाही. या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे कसल्या आल्या रानभाज्या?’ असे खुद्द किल्लारी परिसरातही ऐकायला मिळते. हा पहिला गैरसमज, आणि बाकीचे बरेचसे याच्याच पोटातून निघतात.

तांदुळजा, कुंजीर, पाथरी, घोळ आणि तिची बारीक पानांची बहीण चिघळ, केना, तरोटा, कडवंची. तेरणेकाठच्या काळ्या रानात, बांधावर, गायरानात, पाणंदीच्या कडेला हे सगळे उगवते. यातल्या बहुतेकांना जंगल लागतच नाही. त्यांना हवी उकरलेली, मोकळी माती आणि भरपूर ऊन. दाट झाडीत तांदुळजा शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल, पण पाळी घातलेल्या तुकड्यात पहिल्या पावसानंतर तो आपणहून वर येतो. म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या निसर्गाची ही देणगी नव्हे. माणसाने जमीन कसायला घेतली तेव्हापासून या वनस्पती त्याच्या मागोमाग चालत आल्या आहेत.

म्हणूनच मराठवाड्यात रानभाजी गोळा करणे हा वेगळा उद्योग कधी नव्हता, तो खुरपणीतच व्हायचा. बायका ओळीने बसून पुढे सरकतात. उजव्या हातात खुरपे, डावा हात निवड करणारा. हराळी, कुंदा मुळासकट उपटून बांधावर. तांदुळज्याचे कोवळे शेंडे, कुंजिराची पाने ओट्यात. दिवस मावळताना घरी निघालेल्या बाईच्या ओट्यात संध्याकाळची भाजी असायची, आणि तिच्याबरोबर आलेल्या पोरीला कुठले पान घ्यायचे, कुठले टाकायचे हे मुद्दाम शिकवावे लागत नसे.

मग या भाज्या गेल्या कुठे? ‘पाऊस कमी झाला म्हणून कमी झाल्या’ हे नेहमीचे उत्तर. पाऊस इथे पूर्वीही दगा देत होता. खरा बदल पिकात आणि फवाऱ्यात झाला आहे. खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तूर अशी मिसळ जाऊन शिवारभर सोयाबीन आले. मजुरी वाढली, खुरपायला माणूस मिळेना, आणि पीक उगवून आल्यावर मारायची इमॅझेथापायरसारखी तणनाशके घरोघर आली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याचा हिशेब मला समजतो. पण एका फवाऱ्यात तणाबरोबर घरची भाजी जाते आणि तिची ओळखही जाते. हे नुकसान कुठल्याच खर्चाच्या वहीत लिहिले जात नाही, म्हणून इथे लिहितो.

याच फवाऱ्यामुळे पुढचा गैरसमज धोक्याचा ठरतो : ‘आपोआप उगवले आहे, म्हणजे ते शुद्धच.’ इमॅझेथापायरने तण लगेच मरत नाही. वाढ थांबते, पण पाने पिवळी पडून झाड मरायला आठवडा-दोन आठवडे जातात. फवारून तीन दिवस झालेला तांदुळजा दिसायला हिरवागारच असतो. औषध पानांतून आणि मुळांतून झाडात भिनलेले असते, त्यामुळे कितीही वेळा धुतले तरी निघत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या रानातून भाजी खुडण्याआधी मालकाला विचारा. भरपूर युरिया किंवा शेणखत पडलेल्या जमिनीतला माठ-तांदुळजाही पानांत नायट्रेट साठवतो, म्हणून उकिरड्याच्या कडेचा माजलेला तांदुळजा टाळलेला बरा.

विषारी वनस्पतींचे तर बोलायलाच नको. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवीच्या लागतात, आणि त्या खाऊन उलट्या होणारी शाळकरी पोरे महाराष्ट्रात वरचेवर दवाखान्यात जातात. तरोट्याच्या बाबतीतली चूक आणखी सहज होते. त्याच्या शेजारीच, त्याच पिवळ्या फुलांचा कासविंदा उभा असतो. तरोट्याच्या पानाला साधारण तीन जोड्या, टोकाशी गोलसर पर्णिका, शेंग काडीसारखी बारीक आणि बाकदार. कासविंद्याच्या पर्णिकांना टोक निघालेले, जोड्या जास्त, शेंग चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे जीव घेणारा एक गूढ आजार वर्षानुवर्षे मेंदूज्वर समजला जात होता. तो कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने होतो, हे तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. दोन्ही झाडे एकदा शेजारी शेजारी धरून पाहिली की फरक डोळ्यांत बसतो. मोबाईलवरच्या फोटोवरून तो बसत नाही.

आता शहरी तरुणांचा आवडता समज : सगळे सोडून रानात राहावे, मिळेल ते खाऊन जगावे. ओढ खरी आहे, पण गणित पाहा. शंभर ग्रॅम पालेभाजीतून साधारण २५ ते ४० कॅलरी मिळतात. माणसाला दिवसाला दोन हजार लागतात असे धरले तरी पाच ते आठ किलो पाला खावा लागेल. तेवढा पोटात मावणार नाही आणि रोज सापडणारही नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सव्वातीनशेहून जास्त कॅलरी असतात. टांझानियातले हाडझा आजही बऱ्याच अंशी शिकार आणि संकलनावर जगतात, पण त्यांचे पोट भरते ते कंद, मध, मांस आणि गोरखचिंचेच्या फळांवर. इथेही पोट भाकरीनेच भरायचे. लोह, चुना, ‘अ’ जीवनसत्त्व यांची उणीव मात्र पाल्याने भरून निघायची. भाकरी सोडून नुसती रानभाजी, असा आहार या मुलखात कुणी सुखाने घेतल्याचे उदाहरण नाही.

उपाशीपोटी मात्र घेतला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसासमोर तरोट्याचे नाव काढा, चेहरा बदलतो. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामे आणि उकडलेला तरोटा या एकाच आठवणीतल्या गोष्टी आहेत. ‘रानभाजी म्हणजे गरिबीचे खाणे’ हा समज असा भोगण्यातून आला आहे. त्याला नुसता गैरसमज म्हणणे मला जड जाते. एवढेच सांगता येईल, की दोष तरोट्याचा नव्हता, त्याच्याबरोबरची भाकरी नाहीशी झाली होती. तीच कोवळी पाने उकळून, पिळून, लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर खाल्ली तर उत्तम भाजी आहे. आज कृषी विभाग ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो आणि तिथे ती पैसे मोजून घेतली जाते.

किल्लारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. भूकंपात हजारो माणसे गेली आणि त्यांत बायका-मुलांचे प्रमाण मोठे होते. गावे नव्या जागी वसली, रुंद रस्ते आणि आखीव रांगा आल्या, पण शेते होती तिथेच राहिली. कुठला पाला कुठल्या बांधावर, हे ज्या बाईला ठाऊक होते ती गेली की तिच्या घरातला तो धडा तिथेच थांबला.

‘रानभाजीने साखर जाते, मुतखडा विरघळतो’ हा मजकूर मोबाईलवर फिरत असतो. कडवंचीवर मधुमेहासाठी प्रयोग झाले आहेत, पण ते मुख्यतः प्राण्यांवर. तिच्या भरवशावर गोळी बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. मुतखड्याचे तर उलटेच आहे. घोळीत ओमेगा-३ प्रकारचे चांगले मेद असतात हे खरे, पण तिच्यात ऑक्झलेटही भरपूर असते, आणि खडे होणाऱ्याने ती जपूनच खावी. उकळून पाणी टाकले की ऑक्झलेट कमी होते. वर लिंबू पिळले किंवा चिंच घातली की पाल्यातले लोह अंगी जास्त लागते.

वेळ अमावस्येच्या भज्जीबद्दलही असाच एक समज आहे, की ती रानभाज्यांची असते. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे अख्खी गावे रानात जातात, कडब्याची कोप उभी राहते, अंबील आणि उंडे असतात. पण भज्जीत पडतात ते तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, वर चिंच आणि बेसन. बहुतेक सगळे पेरलेलेच.

शेवटचा समज असा, की खुडल्यामुळे रानभाज्या संपतात. तांदुळज्याचा शेंडा खुडला की त्याला बगलेतून नवे फुटवे येतात. कडवंची जमिनीखालच्या कंदावर उन्हाळा काढते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. ती संपते खोल नांगरटीत कंद उघडे पडले म्हणजे, आणि सगळी फळे कोवळेपणीच काढून नेली म्हणजे. पिकलेले फळ वेलावरच फुटून बी टाकते. तेव्हा प्रत्येक वेलावर चार-पाच फळे राहू द्यावीत, आणि सोयाबीन फवारताना बांधालगतच्या दोन ओळी पंपाखालून वगळून त्या खुरप्यानेच काढाव्यात. तेवढ्या पट्ट्यातून एका घराला पावसाळाभर आठवड्यातून दोनदा भाजी सहज निघते.