हायड्रोजन 'ग्रीन' कधी असतो?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "हायड्रोजन जाळला की फक्त पाणीच बनतं ना, मग प्रॉब्लेम काय?" प्रॉब्लेम तो बनवताना आहे.

आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून काढतात. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजनसुद्धा गॅसमधूनच येतो. गॅसवाल्या पद्धतीत किलोमागे साधारण ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

मग पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा करू? करा की! पण किलोला ५० युनिटच्या वर वीज लागते. आपल्या ग्रिडची वीज बरीचशी कोळशाची, म्हणजे युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. गुणाकार केला तर ३५ किलो! मला आधी वाटलं, माझ्याच हिशेबात बग आहे. नव्हता. गॅसपेक्षा तिप्पट वाईट निघालं हे प्रकरण.

म्हणूनच २०२३ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा घातली: किलोमागे २ किलोच्या आत असेल तरच 'ग्रीन' म्हणायचं. म्हणजे वीज सोलरची किंवा वाऱ्याची हवी. आणि तीही मोजकीच आहे, म्हणून माझं मत विचाराल तर कारला ती थेट बॅटरीत भरा. खताला मात्र हायड्रोजन लागतोच, तो आधी तिथे द्या.