आकडे तोंडपाठ, मोजणी अडलेली

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेली काही मुले शंभरपर्यंतचे अंक न अडखळता म्हणतात. परंतु ‘चार चिंचोके दे’ म्हटले की मूठभर उचलून देतात आणि घरचे बुचकळ्यात पडतात. रोशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडलेल्या मोजणीच्या तत्त्वांवरून हे कोडे उलगडते. अंकांचा क्रम न बदलणे हे त्यांतले एकच तत्त्व असून, प्रत्येक वस्तूला एकच अंक देणे आणि शेवटी उच्चारलेला अंक हीच सगळ्यांची संख्या असते हे उमगणे, या त्याहून वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले पाठांतराने साधते, उरलेल्या दोन्ही गोष्टी मात्र हातांनी करून शिकाव्या लागतात.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यासारख्या भातशेतीच्या मुलखात, रोवणीच्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी वरचेवर जाणे अवघड असले, तरी हे शिक्षण अंगणातही होऊ शकते. खडूने पाच-पाच चौकटींच्या दोन ओळी आखाव्यात, डावीकडे चिंचोक्यांची वाटी ठेवावी आणि मुलाने एकेक चिंचोका चौकटीत ठेवताना अंक म्हणावा. तो अडला तर हात न ओढता पुढच्या चौकटीवर फक्त बोट ठेवावे. वाटी रिकामी झाली की काम संपले, हे त्याला न सांगता दिसते. (वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलासाठी अर्थातच गिळता न येणारे मोठे काही घ्यावे.) वस्तू रांगेत लावण्याचा छंद असेल, तर तो मोडून काढण्यापेक्षा त्या रांगेतच मोजणी घुसवणे शहाणपणाचे.

चिंचोक्यांचे जमले म्हणून ताटांचे जमेलच असे नाही, कारण एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे लावणे या मुलांना बहुधा जड जाते; म्हणून माणसागणिक एक ताट मांडणे, भातासाठी तीन वाट्या तांदूळ मोजणे, अशी कामे मुद्दाम त्याच्याकडे सोपवावीत. घरी गोंडी किंवा पोवारी आणि शाळेत मराठी असेल, तर आरंभी सर्वांनी एकाच भाषेतले अंक वापरावेत. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन दिले तेव्हा टीकेची झोड उठली. पण ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, हा उलटफेर ज्याला पेलत नाही, त्या मुलासाठी ती सोय थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

घरचा सराव शाळेला पर्याय मात्र नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असून, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा कोणत्या वस्तू कितीपर्यंत मोजता येतात याची नोंद वहीत ठेवून ती शिक्षकांना दाखवावी.